काचेवरचा चौथा तुकडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक महोदय, व्यासपीठावर बसलेले शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख, रस्ता ओलांडून खास आलेले पशुरुग्णालयाचे थोरले डॉक्टर, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या ताई, ताईंचे यजमान, सासूबाई, लेक आणि जावई, आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी माझ्यासमोरच्या कागदावर पेन्सिलीने 'पाच' असं लिहून खाली दोन रेघाही मारल्या आहेत. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही हे उघड आहे, आणि तो नसावाच, कारण मी पंधरा मिनिटं घेणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर चहा तयार आहे. संचालक महोदयांनी मात्र शेवटपर्यंत बसावं अशी नम्र विनंती. माझं त्यांच्याकडे काम आहे.

आमचा विभाग तळघरात आहे. वर रुग्ण असतात, नातेवाईक असतात, फुलं-फळं घेऊन येणारी माणसं असतात. आमच्याकडे येतात त्या डब्या. झाकणावर चिठ्ठी आणि आत फॉर्मालिनमध्ये बुडालेला कुणाच्या तरी शरीराचा तुकडा. त्यामुळे आम्ही नक्की काय करतो हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. माझ्या सासऱ्यांना अखेरपर्यंत वाटायचं की मी रक्त काढते. 'सूनबाईंचा हात हलका आहे' असं ते शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत. मी आयुष्यात जेमतेम वीस माणसांचं रक्त काढलं असेल, आणि त्यातली निम्मी अजून माझ्यावर रागावलेली आहेत.

तर आम्ही काय करतो? शरीरात जे बिघडलं, मोडलं, सडलं, वाढू नये तिथे वाढलं, ते आम्ही पाहतो. कुठे बिघडलं, कधीपासून, कशामुळे, आणि अजून किती पसरेल. दगडाच्या खाणीत वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसात धूळ कुठे कुठे जाऊन बसली ते आम्हाला दिसतं. दूध आटलेल्या गाईच्या कासेत सूज किती जुनी आहे ते दिसतं. पेशीला जखम झाली की ती फुगते, रंग बदलते, मरते किंवा वेड्यासारखी वाढायला लागते, आणि ही तिची तऱ्हा माणसात आणि जनावरात फार वेगळी नसते. काचेवरचा तुकडा नुसता पाहून तो मेंढीचा की मास्तरांचा हे कधी कधी मलाही सांगता येत नाही. आज हसताय, हसा. याच गोष्टीने एकदा मला पुरतं तोंडघशी पाडलं, ते पुढे सांगतेच.

पण आम्ही डॉक्टर जे पाहतो ते आम्हाला कोण दाखवतं? ताई दाखवतात. डबीतला तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा. तो यंत्रावर चढवून त्याचे पापुद्रे काढायचे. किती पातळ? एका केसाच्या जाडीत पंधरा-सोळा बसतील इतके. तो पापुद्रा चिमट्याने उचलून कोमट पाण्यावर अलगद सोडायचा, म्हणजे त्याच्या सुरकुत्या जातात. मग पाण्याखालून काच तिरकी आत घालून तो तिच्यावर झेलायचा. ताईंच्या हाताखाली शिकलेल्या मुली इथे बसल्या आहेत. पहिल्या महिन्यात त्यांनी किती पापुद्र्यांची पार वाट लावली ते त्यांनाच विचारा. थोरले डॉक्टर तर ताईंना गेली तीस वर्षं 'पापुद्रा' याच नावाने हाक मारतात. रस्त्याच्या पलीकडून ओरडतात, 'पापुद्रा, माझी म्हैस झाली का?' आणि ताई खिडकीतून तेवढ्याच जोरात सांगतात, 'म्हैस उद्या, आज बोकड घेऊन जा.' नवीन माणूस दचकतो.

ताईंची एक सवय मात्र कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ठोकळा हातात आला की त्यात किती तुकडे आहेत ते त्या आपल्या वहीत लिहितात, आणि प्रत्येक तुकड्याचा आकार पेन्सिलीने काढून ठेवतात. एक लांबट, एक वाकडा, एक डाळीएवढा. शनिवारी काचा कपाटात लावताना एकेक काच त्या चित्राशी ताडून पाहतात. कुणी त्यांना हे काम सांगितलेलं नाही. मी इथे नवीन आले तेव्हा मी या वहीची थट्टा करत असे. 'ताई, तुम्ही चित्रकलेच्या परीक्षेला बसा,' असं मी चारचौघांत म्हणाले होते. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नोकरी लागून दहा महिने झाले होते आणि मला सगळं येत होतं.

आता मी ती गोष्ट सांगते. ताई, तुम्ही हात हलवून मला खाली बसायला सांगताय ते मला दिसतंय. मी बसणार नाही.

तेव्हाही, आजच्यासारखीच, पशुरुग्णालयाची स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. सकाळी माणसांचे ठोकळे आणि दुपारी जनावरांचे, अशी आमच्याकडे पद्धत होती. दोघांसाठी पाण्याचं भांडं एकच. पण मधे ते ओतून, घासून, नवं पाणी भरून ते हवं तेवढं कोमट होईपर्यंत थांबायचं. त्याला वीस मिनिटं लागत. का थांबायचं? पापुद्र्यातून एखादा कण सुटून पाण्यावर तरंगत राहू शकतो आणि पुढच्याच्या काचेवर जाऊन चिकटू शकतो, म्हणून. हा नियम भिंतीवर लावलेला होता आणि खाली सही माझीच होती.

त्या गुरुवारी नमुने मेणात बसवायचं यंत्र अडलं होतं. एका शाळेच्या बाईंच्या छातीत गाठ होती. तिचे सुईने काढलेले नमुने ठोकळा होऊन यायला दुपारचे अडीच वाजले. तोवर ताईंनी एका कुत्रीची गाठ कापायला घेतली होती. आणि मला साडेचारला परिषदेसाठी निघायचं होतं. पहिलाच निबंध वाचायचा होता, नवी पर्स घेतली होती. ताई म्हणाल्या, 'पाणी बदलते मॅडम, वीस मिनिटं द्या.' मी म्हणाले, 'राहू द्या. वरून कागदाने पुसा आणि कापा.' त्या म्हणाल्या, 'यात आत्ता कुत्रीचं झालंय.' मी म्हणाले, 'मी सांगतेय ना?'

एवढंच बोलणं झालं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

काच रंगून आली. मी पाहिली. तीन तुकडे अगदी साधे, आणि काठाशी चौथा, ठार वाईट. एका गाठीतले तीन तुकडे इतके निरोगी आणि चौथा इतका बिघडलेला, हे कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नमुन्यासोबतच्या कागदावर 'तीन' लिहिलं होतं, ते मी वाचायला हवं होतं. चौथ्या तुकड्याच्या कडेला हिरव्या शाईची पुसट रेघ होती, तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. घड्याळाकडे मात्र दोनदा पाहिलं. कर्करोग, असं लिहून खाली सही केली आणि निघाले.

शुक्रवारी त्या बाईंना सांगण्यात आलं. शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी आठची ठरली. शनिवारी दुपारी ताई काचा लावायला बसल्या. वहीत तीन चित्रं, काचेवर चार तुकडे. त्यांनी मला परिषदेच्या ठिकाणी फोन लावला. माझा निबंध नुकताच झाला होता, लोक येऊन अभिनंदन करत होते. मी काय म्हणाले असेन? 'तुमचं मोजण्यात चुकलं असेल. सोमवारी दुपारी आले की बघते.' ताई म्हणाल्या, 'सोमवारी दुपारी बघायला काही उरणार नाही मॅडम.' मी फोन ठेवला.

मी नाही म्हटल्यावर ताईंनी गप्प बसायचं, अशीच आपल्याकडची रीत आहे. तंत्रज्ञाने कापायचं, डॉक्टरने पाहायचं. ताईंनी काय केलं? ठोकळा पुन्हा यंत्रावर चढवला, स्वच्छ पाण्यावर नवे पापुद्रे घेतले. तीनच तुकडे आले. मग दोन्ही काचा रुमालात गुंडाळून त्या रस्ता ओलांडून गेल्या, कारण मी सोडून काच वाचता येणारा माणूस आसपास एकच होता, आणि तो जनावरांचा डॉक्टर होता. थोरले डॉक्टर एका घोड्याच्या खुराशी झटत होते. हात धुऊन ते सूक्ष्मदर्शकाशी बसले, आणि मिनिटभराने म्हणाले, 'पापुद्रा, ही तर माझी कुत्री.' ती हिरवी रेघ त्यांचीच होती. काढलेल्या गाठीची कड कुठे संपते हे कळावं म्हणून ते तिला हिरवी शाई लावत. कुत्रीच्या काचेशी ताडून पाहिलं, आणि शंका उरली नाही.

तिथून दोघं थेट आपल्या शल्यचिकित्सकांच्या घरी गेले. सर, तुम्ही तेव्हा मुलीला अपूर्णांक शिकवत होतात असं ताई सांगतात. तुम्ही ऐकलंत, आणि सोमवारची शस्त्रक्रिया तिथल्या तिथे थांबवलीत. एका बाईचा स्तन वाचला. पुढची औषधं, ती दहशत, सगळं टळलं. हे टाळणाऱ्या बाई त्या तिसऱ्या खुर्चीवर बसल्या आहेत, आणि या क्षणी माझ्याकडे अतिशय रागाने पाहताहेत.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी जुन्या लोकांना माहीत आहे. किंवा तुम्हाला तसं वाटतं. तुम्हाला जी माहीत आहे तिचं शेवटचं वाक्य असं आहे, 'ताई पाणी बदलायला विसरल्या, पण नंतर त्यांनीच सावरलं.' हे वाक्य खोटं आहे.

चौकशी समितीत तिघं होते. त्यांनी विचारलं, पाणी का बदललं नाही? ताई म्हणाल्या, 'राहिलं माझ्याकडून.' मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला तोंड होतं, मला ऐकू येत होतं, आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत बसले. पाच-सात सेकंद मिळाले होते. तेवढ्यात बोलता आलं असतं. काच नीट न पाहिल्याबद्दल समितीने मला तोंडी समज दिली. ताईंच्या सेवापुस्तकात शेरा गेला, 'कामात गंभीर हलगर्जी'.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, असं का केलंत? त्यांनी मला गोड काही सांगितलं नाही. म्हणाल्या, 'पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरतंय. तुम्हाला घालवलं तर काच बघायला माणूस नाही. मागच्या वेळी दोन वर्षं जागा रिकामी होती, लोकांचे नमुने परगावी जायचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत माणूस गेलेला असायचा. मी एका शेऱ्यावर निभावून नेईन.' आणि मग म्हणाल्या, 'पण यापुढे पाण्याबद्दल तुम्ही मला एक अक्षर सांगायचं नाही.' मी सांगितलं नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही.

पण त्या शेऱ्याने काय काय केलं, हे मी जवळून पाहिलं आहे. मुख्य तंत्रज्ञाची जागा तीनदा निघाली. तिन्ही वेळा ताईंची फाईल वर गेली, शेऱ्यापाशी अडली आणि खाली आली. तिसऱ्या वेळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी त्यांच्या वरच्या जागी बसली. ती आज इथे आहे, तिचा काही दोष नाही. त्या दिवशी ताईंनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची पुसून ठेवली आणि दुपारी डबा मात्र एकटीने खाल्ला. मी दारातून पाहिलं आणि परत माझ्या खोलीत गेले. तोवर मी विभागप्रमुख झाले होते. मला लाज वाटली, फार वाटली. पण नुसतं लाज वाटून कागद बदलत नाही.

आणि भावोजी, तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही शिवणकामातले पक्के आहात, ताईंचा कापण्याचा हात तुमच्यामुळे सुधारला असं तुम्ही लोकांना सांगता, ते खरंही असेल. पण ताईंनी घरी स्वयंपाकात मीठ विसरलं, दाराची कडी लावायची राहिली, की तुम्ही म्हणता, 'पाणी तरी बदललंस का?' सगळं घर हसतं. ताईही हसतात. सासूबाई, तुम्हीही हसला आहात, मी जेवायला आले होते तेव्हा. मीही तेव्हा पानात पाहून हसले होते. ती थट्टा आजपासून बंद करा. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी दोनदा सांगितलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

मागच्या आठवड्यात मी त्या शाळेच्या बाईंकडे जाऊन आले. त्यांना आजवर 'नमुन्यात काहीतरी गोंधळ झाला होता' एवढंच माहीत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी दार उघडं ठेवूनच ऐकलं, मला आत बोलावलं नाही, आणि ते योग्यच होतं. मग म्हणाल्या, 'शुक्रवार ते रविवार मी घरभर चिठ्ठ्या चिकटवत होते. गॅस कुठे नोंदवायचा, मुलीच्या दम्याचं औषध किती वाजता, कुठल्या कपाटात काय. ह्यांना काहीच माहीत नसायचं ना.' दार लावता लावता म्हणाल्या, 'एक चिठ्ठी अजून आहे कपाटाच्या आत. निघत नाही.' त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांनी परवानगी दिली म्हणून एवढं सांगितलं.

आज सकाळी मी ताईंना म्हणाले, मी आज बोलणार आहे. ताई म्हणाल्या, 'नको. मला निवांत घरी जाऊ द्या. लोक म्हणतील, बाई समितीसमोर खोटं बोलली.' म्हणू देत, ताई. तुम्ही दोन शब्द खोटे बोललात, एक प्रयोगशाळा चालू राहावी म्हणून. मी अठरा वर्षं गप्प राहिले, ते स्वतःसाठी. या दोन्हींतला फरक या सभागृहाला कळतो. पाण्याच्या वेळी मी तुमचं ऐकायला हवं होतं. आज ऐकणार नाही.

मग मी संचालकांकडे गेले. महोदय, तुम्ही भले माणूस आहात. तुम्ही म्हणालात, 'कशाला आता? त्या आजच निवृत्त होताहेत, तुमचीही आता थोडीच वर्षं राहिली. हार घालू, छान निरोप देऊ, सगळं गोड होईल.' तुमचा हेतू चांगला होता. पण आम्ही तळघरातली माणसं. आमच्याकडे आलेल्या तुकड्यात रोग असेल तर त्यावर हार घालून तो जात नाही. तो आहे असं लिहून खाली सही करावी लागते. आमच्या शास्त्राची सुरुवात तिथून होते, उपचारही तिथूनच सुरू होतात. कुत्रीच्या बाबतीत आम्ही ते केलं. ती पुढे सहा वर्षं जगली आणि दारात आलेल्या प्रत्येक पोस्टमनला पिटाळत राहिली. ताईंच्या बाबतीत मात्र ते राहून गेलं.

कार्यालय साडेपाचला बंद होतं. त्याबरोबर ताईंचं सेवापुस्तकही बंद होऊन मुख्यालयात जातं, आणि तिथे गेलेला कागद पुन्हा कुणी पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आत्ता पाचला दहा कमी आहेत. म्हणून मी माझं पत्र इथे वाचते. छोटं आहे.

'मा. संचालक यांस, सविनय सादर. अठरा वर्षांपूर्वीच्या नमुना-प्रकरणात पाणी न बदलण्याचा आदेश मी दिला होता. वरिष्ठ तंत्रज्ञांनी त्यास दोन वेळा हरकत घेतली होती. नमुना मी निष्काळजीपणे तपासला आणि चौकशीत सत्य सांगितले नाही. सबब त्यांच्या सेवापुस्तकातील शेरा रद्द करण्यात यावा, त्यांना आजच्या तारखेने मुख्य तंत्रज्ञ म्हणून बढती देण्यात यावी, आणि माझी चौकशी सुरू करण्यात यावी. शेवटच्या मुद्द्यावर मी कोणतीही सूट मागत नाही.' खाली माझी सही आहे. या वेळी घड्याळ न पाहता केलेली.

आस्थापना विभागाचे कारकून चौथ्या रांगेत आहेत. मी त्यांना येताना आवक शिक्का आणि सेवापुस्तक घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आणलंय ना? या, पुढे या. पत्रावर शिक्का मारा आणि पुस्तक महोदयांसमोर ठेवा. महोदय, शेरा रद्द करण्याचा अधिकार तुमचा आहे, बढतीचाही. नियम मी तपासून आले आहे, कलमाचा आकडा मागच्या बाजूला लिहिलाय. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन. पण ते तुम्हाला या सगळ्यांच्या समोर म्हणावं लागेल, एवढी सोय मी करून ठेवली आहे.

आयोजकांची मी आभारी आहे, माझी पंधरा मिनिटं त्यांनी बेल न वाजवता सहन केली. थोरल्या डॉक्टरांची आभारी आहे, त्यांनी स्वतःची कुत्री ओळखली. शल्यचिकित्सकांची आभारी आहे, त्यांनी दारात आलेल्या तंत्रज्ञाचं म्हणणं डॉक्टरच्या सहीपेक्षा वर धरलं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार.

भाषण संपवताना बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. बोलण्यापुरतं ते मी म्हणते, सांभाळून घ्या. मी जे केलं त्याची माफी मात्र सभागृहाकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची ती समोर बसली आहे. ताई, मला माफ करा. उत्तर आज द्यायला हवं असं नाही, आणि ते 'नाही' असलं तरी उद्या सकाळी मी तळघरातलं पाणी बदलूनच कामाला लागेन. महोदय, पेन इथे आहे. नमस्कार.